टोपी चपटी झाली नाही, म्हणून दाब कमी?

तुमचं म्हणणं असं: 1873 च्या ट्रॅपडोर स्प्रिंगफील्ड या जुन्या अमेरिकी रायफलसाठी मी सांगितलेली 18,000 पीएसआयची (दर चौरस इंचाला इतके पौंड दाब) मर्यादा फारच भित्री आहे. काडतूस स्वतः भरताना दारू थोडी थोडी वाढवत नेली, टोपी (पुंगळीच्या बुडातली ठिणगी देणारी प्रायमर) चपटी झाली नाही, पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) सहज निघाली, म्हणजे अजून वाव आहे. हा निष्कर्ष धोकादायक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ही खूण बघण्याची सवय आजच्या बोल्ट रायफलींमुळे लागते. टोपी चपटी होणं, पुंगळी अडकणं हे बहुधा 50,000 पीएसआयच्या पुढे दिसू लागतं. ट्रॅपडोरच्या .45-70 काडतुसासाठी सामी या अमेरिकी मानक संस्थेची कमाल मर्यादाच 28,000 आहे. म्हणजे तुम्ही ज्या खुणेची वाट बघताय, ती दिसण्याआधीच रायफल हातातून गेलेली असेल.

हिशेब करून बघा. पुंगळीचा बुडाकडचा व्यास 0.505 इंच, क्षेत्रफळ जेमतेम 0.2 चौरस इंच. 18,000 ला ब्रीचच्या (नळीच्या मागच्या तोंडाच्या) झाकणावर 3,600 पौंडांपर्यंत रेटा येतो, 28,000 ला 5,600. पुंगळी फुगून चेंबरला (नळीत काडतूस बसतं त्या जागेला) घट्ट धरते, त्यामुळे प्रत्यक्षात काहीसा कमी. पण चेंबरला तेल राहिलं की ती पकड सुटते. झाकण मिटून अंगठ्याने हलवून बघा. खटखट वाजत असेल तर बिजागरीची खीळ किंवा मागचा खटका झिजलेला आहे. अशी रायफल आधी गनस्मिथला दाखवा, काळ्या दारूचं काडतूसही लावू नका.

टोपी बाहेर आलेली दिसते, त्यावरूनही घाईने अर्थ काढू नका. कमी दाब आणि हेडस्पेस (पुंगळीचं बूड आणि झाकण यांतली फट) जास्त, असं असलं तरी ती बाहेर येते.

मग मोजायचं काय? वेग. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावा, ट्रॅपडोरसाठीच छापलेल्या तक्त्यातल्या सर्वांत कमी मापापासून सुरू करा. गोळीचा वेग तक्त्यातल्या कमाल वेगाला टेकला की थांबा, दारू त्या मापापेक्षा कमी पडली असली तरी. तुलना करताना नळीची लांबी बघा: पायदळाच्या रायफलची 32.6 इंच, कार्बाइनची 22. लांब नळी तेवढ्याच दाबाला जास्त वेग देते. नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून नळीच्या आतल्या खाचांचा व्यास मोजा आणि शिशाचीच गोळी वापरा.

सगळ्यात मोठी भीती मात्र दुहेरी मापाची. ही पुंगळी काळ्या दारूच्या 70 ग्रेनसाठी (ग्रेन हे दारूच्या वजनाचं एकक) बनलेली. धूरविरहित जलद दारूचं माप तिच्या तळाशी बसतं आणि दुसरं माप पडलं तरी कळत नाही. दुप्पट टाकली तर ओसंडून वाहील अशीच दारू निवडा. गोळी बसवण्याआधी ठोकळ्यातल्या प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून पातळी बघा. काळ्या दारूचा चमचा धूरविरहित दारूला कधीही लावू नका. ती वजनानेच घ्यायची, तीही काटा प्रमाणित वजनाने तपासून. उलट काळी दारू भरताना गोळीखाली पोकळी ठेवू नका. आजच्या जाड बुडाच्या पुंगळीत 70 ग्रेन दाबूनच बसतात.

दाबाचा आकडाच हवा असेल तर चेंबरवर स्ट्रेन गेज (धातूचा ताण मोजणारी पट्टी) चिकटवा आणि आधी कारखान्याच्या काडतुसावर तो पडताळा. हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात परवान्याशिवाय काडतुसं भरणं शस्त्र कायदा 1959 नुसार गुन्हा आहे.