भोपाळची जमीन साफ झाली म्हणे, कुठे झाली?

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांमध्ये एक मेसेज फिरतोय, मला तीन जागांहून आला, त्यातला एक खुद्द मामांकडून, म्हणून उत्तर लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं. मेसेजचं म्हणणं असं: युनियन कार्बाइडचा (1984 मध्ये विषारी गॅस गळला तो भोपाळचा कीटकनाशकांचा कारखाना) सगळा कचरा पिथमपूरला (इंदूरजवळ, धार जिल्ह्यात, तिथे विषारी कचरा जाळायची भट्टी आहे) जळून गेला, भोपाळची जमीन मोकळी झाली, आता तिथे मस्त कॉलनी काढा. इंदूरनं देवगुराडियाचा कचऱ्याचा डोंगर सहा महिन्यात साफ केला, भोपाळवाले 40 वर्षं झोपले होते. पिथमपूरवाल्यांनी उगाच बोंब मारली. आणि शेवटी, ज्या शहराची घाण त्यानंच निस्तरावी.

सगळा कचरा जळाला, हे आधी घेऊ. जळाला तो 337 टन, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये पोत्यात भरून ठेवलेला माल. 1 जानेवारी 2025 च्या रात्री 12 कंटेनर निघाले, टीव्हीवर आपण सगळ्यांनी बघितले. पण जमिनीत मुरलेलं काय? 2010 मध्ये नीरी (पर्यावरणावर संशोधन करणारी) आणि एनजीआरआय (जमिनीच्या पोटातलं तपासणारी) या सरकारी संस्थांनीच अंदाज दिला होता की दूषित माती 11 लाख टनांच्या घरात आहे. आता हिशोब करा, 12 कंटेनरमध्ये 337 टन गेले तर 11 लाख टनांना 40 हजारांच्या जवळपास कंटेनर लागतील. शिवाय कारखान्याबाहेर 32 एकरांचे तलाव, ज्यात कंपनी सांडपाणी वाळवायला सोडायची, ते वेगळंच प्रकरण. ती माती आणि खालचं पाणी जिथल्या तिथे आहे. पोती उचलली म्हणजे जमीन धुतली असं होतं का? घरातला सिलिंडर लीक झाला आणि आपण सिलिंडर अंगणात नेऊन ठेवला तर घर ठीक, पण विहिरीत रॉकेल सांडलं आणि डबा उचलून नेला तर पाणी प्याल का?

आणि "जळून गेला" म्हणजे नाहीसा झाला असं पण नाही. जाळताना चुना वगैरे घालावा लागतो, त्यामुळे 337 टनांची राख-गाळ मिळून साडेआठशे टनांच्या वर गेलं. जे गेलं त्याच्या दुपटीहून जास्त उरलं! आणि ते कुठे पुरायचं यावरून पुन्हा कोर्टकचेरी.

आता देवगुराडिया. याचा मला पण अभिमान आहे, लहानपणी महाशिवरात्रीला आजीबरोबर तिथल्या महादेवाला जायचो तेव्हा नेमावर रोडवर बसच्या खिडक्या पटापट बंद व्हायच्या, आजी पदर नाकाला लावून नामस्मरण करायची, आणि आज तिथून जाताना पोराला सांगावं लागतं की हा डोंगर कचऱ्याचा होता. पण तिथे होतं काय? घरातला कचरा. भाजीची देठं, पन्नी, चिंध्या, माती. त्याचे ढीग पोकलेननं उलटेपालटे केले, कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर मारलं, वाळू दिलं, मग ट्रॉमेलमध्ये टाकून चाळलं, ट्रॉमेल म्हणजे भला मोठा फिरता चाळणा, माती खाली पडते आणि प्लास्टिक पुढे जातं. साधारण 13 लाख टन (काही ठिकाणी 15 पण लिहिलेलं दिसतं), मशिनी भाड्यानं आणल्या आणि खर्च 10 कोटींच्या आत. टनाला 80 रुपये पण नाही पडले. भोपाळच्या 337 टनांसाठी केंद्रानं 126 कोटी दिले, टनाला 37 लाखांच्या वर! एवढ्या फरकावरून तरी कळायला पाहिजे की दोन्हीकडे "कचरा" हा एकच शब्द आहे, वस्तू एक नाही. कीटकनाशकाचं विष चाळणीतून निघत नाही हो मामा.

भोपाळवाले झोपले होते, हे तर धादांत खोटं. तिथले लोक 40 वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतायत. मध्ये अंकलेश्वरला न्यायचं ठरलं, गुजरातनं नाही म्हटलं. जर्मनीला पाठवायचं निघालं, तिथे पण विरोध. नागपूरजवळ जाळायची गोष्ट आली तेव्हा महाराष्ट्रानं हात वर केले, हे आपल्या नागपूरच्या नातेवाइकांना विचारा जे आता हा मेसेज फॉरवर्ड करतायत.

मग राहिलं पिथमपूर. माझा मावसभाऊ तिथे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत शिफ्टला जातो, 3 जानेवारीला पिथमपूर बंद होतं, तो घरीच. तो म्हणाला, दादा, आम्हाला कोणी विचारलं का, टीव्हीवरून कळलं. बोंब या गोष्टीची होती. ट्रक पोचले, दगडफेक झाली, दोघांनी अंगावर पेट्रोल घेतलं, आणि मग हायकोर्टाकडून सरकारनं लोकांना विश्वासात घ्यायला सहा आठवडे मागून घेतले. म्हणजे आधी वरात आली आणि मग मुलगी बघण्याचा कार्यक्रम. नंतर 10-10 टन जाळून बघायच्या तीन ट्रायल झाल्या, मग बाकीचा जळाला, ते टप्प्याटप्प्यानं आणि तपासणीखाली झालं हे मी पण मानतो. पण भट्टीला लागून असलेल्या तारापूर गावाच्या विहिरींच्या पाण्याचे रिपोर्ट आधी काढून गावात चिकटवले असते तर अर्धी आग तिथेच विझली असती.

"ज्याची घाण त्यानं निस्तरावी" ऐकायला बरं वाटतं, पण विष जाळायची भट्टी गल्लोगल्ली नसते. आणि पाण्याला तर जिल्हा कळतच नाही: पिथमपूरच्या बाजूचं पाणी गंभीर नदीवाटे यशवंतसागर धरणात येतं आणि तिथून आपल्या इंदूरच्या नळाला, उगाच का इथल्या मेडिकल कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना कोर्टात गेली. म्हणून भोपाळची माती कशी साफ होणार, निघालेला गाळ कुठे जाणार, पाणी कोण तपासणार, हे भोपाळ, धार आणि इंदूर तिघांनी एका टेबलावर बसून ठरवायला हवं, आणि खर्चाचं बिल कंपनीकडे कसं पाठवायचं ते पण.

कॉलनीचं म्हणाल तर, मामा, प्लॉट बुक करायला कोणी आलं तर एवढंच विचारा की बोअरचं पाणी प्यायला चालेल असं कागदावर लिहून देतोस का. कारखान्याच्या आसपासच्या वस्त्यांना पाइपलाइननं पाणी द्या असं सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं होतं.