पैसे थकले म्हणून साइटला कुलूप? ‘कोड माझा’ एवढ्यानं भागत नाही

नागपुरातल्या फ्रीलान्स डेव्हलपरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, पण मजकूर असा: ‘क्लायंट पैसे देत नाही? बंद करून टाक ना भाऊ साइट. कोड तुझा, म्हणजे हक्क तुझा. पासवर्ड त्यानंच दिला होता, मग हॅकिंग कसलं? गॅरेजवाला नाही का गाडी अडवून ठेवत? अन् पोलिसांत गेला तरी दिवाणी मामला म्हणून परत पाठवतात.’ खाली टाळ्यांच्या इमोजींची रांग.

थकबाकीचं दुखणं खरं आहे. पण या सल्ल्यात एक वाक्य बरंचसं बरोबर आहे आणि बाकीची त्याच्या आधारानं खपवली आहेत.

बरोबर वाक्य म्हणजे ‘कोड तुझा’. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि कलम १७ प्रमाणे बाहेरून काम घेऊन लिहिलेल्या कोडचा पहिला मालक सहसा लिहिणाराच असतो. क्लायंटनं पैसे मोजले म्हणून मालकी आपोआप सरकत नाही. कलम १९ ला लेखी आणि सही केलेलं हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते ५ वर्षांचं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. (परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये पगारावर असणाऱ्यांनी हुरळू नये. नोकरीत लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा.)

पण कोडची मालकी वेगळी आणि तो ज्या यंत्रावर चालतो त्याच्यावरचा ताबा वेगळा. प्रोग्राम क्लायंटच्या सर्व्हरवर तुम्हीच चढवून दिलात, म्हणजे वापराची गर्भित परवानगीही तुम्हीच दिलीत. ती मागे घेता येते का, हा वादाचा मुद्दा आहे. घ्यायचीच तर नोटीस देऊन, नंतर कोर्टातून. रात्री साडेअकराला लॉगिन करून नाही. आणि त्या प्रोग्राममध्ये साठलेला डेटा तर तुमचा कधीच नव्हता. इतवारीतल्या व्यापाऱ्याची खाती त्याचीच.

‘पासवर्ड त्यानंच दिला होता’ हे वाक्य सर्वांत महागात पडणारं. रंगकामासाठी दिलेल्या किल्लीनं रंगारी महिन्याभरानं घरात शिरला आणि पंखे काढून घेऊन गेला, तर किल्ली मालकानंच दिली होती हे उत्तर चालत नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ ‘मालकाच्या किंवा ताबा असणाऱ्याच्या परवानगीशिवाय’ या शब्दांवर उभं आहे. परवानगी साइट बनवायला होती, बंद करायला नाही. त्या कलमाच्या यादीत यंत्रणेत शिरणं, डेटा उतरवून घेणं, माहिती पुसणं किंवा बदलणं, काम विस्कळीत करणं आणि अधिकृत माणसाला प्रवेश नाकारणं हे सगळं वेगवेगळं मोजलेलं आहे. एका रात्रीच्या उद्योगात यातली चार सहज भरतात.

कोडमध्ये आधीच पेरून ठेवलेली तारीख, म्हणजे टाइमबॉम्ब, यातून सुटतो असं अनेकांना वाटतं, कारण लॉगिनच करावं लागत नाही. उलट आहे. याच कलमात ‘कंप्युटर कंटॅमिनंट’ची व्याख्या आहे: डेटा बदलणाऱ्या, नष्ट करणाऱ्या किंवा संगणकाचं नेहमीचं काम बळकावणाऱ्या सूचनांचा संच. न सांगता पेरलेल्या टाइमबॉम्बचं वर्णन याहून नेमकं करणं अवघड.

कलम ४३ खाली भरपाई मागायला तुमचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. ५ कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलं असेल तर कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘पैसे माझ्या हक्काचे होते, मग अप्रामाणिकपणा कुठला?’ हा बचाव पोकळ नाही. पण तो मांडायची वेळ येते तोवर तुमचा लॅपटॉप पुरावा म्हणून जप्त झालेला असू शकतो, आणि त्यात दुसऱ्या क्लायंटांचंही काम असतं. शिवाय ‘पैसे टाक, नाहीतर डेटा पुसतो’ असा मेसेज गेला असेल तर समोरचा वकील भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, म्हणजे खंडणी, हेही लावायला सांगणार.

होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा, तुमच्याच रीसेलर खात्यावर असेल (जागा तुम्ही घेऊन पुढे क्लायंटला दिलेली असेल) तर चित्र थोडं बदलतं. तिथला ताबा काही प्रमाणात तुमचा, आणि वर्ष संपल्यावर नूतनीकरण न करणं हा गुन्हा नाही. मात्र आधी लेखी सूचना द्या आणि डेटाबेसचा पूर्ण बॅकअप क्लायंटच्या हाती पडेल अशी सोय करा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवण्याची सवय मात्र सोडाच. भांडण उघड झालं की तीच गोष्ट आधी तुमच्या विरोधात मांडली जाते.

गॅरेजवाल्याचा दाखला ऐकायला झकास आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७० वस्तूवर मेहनत करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवू देतं. पण ताब्यात असेपर्यंतच. गाडी परत दिली की हा हक्क संपतो. नंतर मालकाच्या अंगणातून चाकं काढून आणायची मुभा त्यात नाही. डिलिव्हरी झालेली साइट म्हणजे परत दिलेली गाडी.

पोलिस परत पाठवतात? कधी पाठवतातही. पण कलम ६६ दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या आदेशाविना पोलिस गुन्हा नोंदवू शकतात, आणि तपास पोलिस निरीक्षकाकडे जातो. जामीनपात्र आहे, एवढाच दिलासा.

मेसेजमध्ये नसलेली बाजू ही की कुलूप कोणावर पडेल हे लावणाऱ्याच्याही हातात नसतं. तारखेवर चालणारं कुलूप सर्व्हरचं घड्याळ चुकलं की पैसे दिलेल्या गिऱ्हाइकालाही अडवतं. दर वेळी तुमच्या डोमेनवर परवानगी तपासून चालणारं कुलूप ते डोमेन नूतनीकरणाविना संपलं की सगळ्याच गिऱ्हाइकांना अडवतं. बिलिंगचा प्रोग्राम २० तारखेला बंद पडला तर व्यापाऱ्याचं जीएसटी रिटर्न अडकतं आणि विलंब शुल्काचा हिशेब तुमच्या नावे निघतो. धंतोली-रामदासपेठेतल्या रुग्णालयाचं सॉफ्टवेअर असेल तर रुग्णानं मागितल्यापासून ७२ तासांत कागद देण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे. थकबाकीशी संबंध नसलेला रुग्ण मध्ये भरडला जातो. एसीएम या संगणक व्यावसायिकांच्या संस्थेची २०१८ ची आचारसंहिता म्हणूनच इजा टाळणं हे तत्त्व सुरुवातीलाच मांडते आणि परवानगीशिवाय यंत्रणेत शिरण्याला जवळजवळ जागा ठेवत नाही. अपवाद आहे तो लोकहिताचा, आपल्या बिलाचा नव्हे.

मुदतीची वर्गणी संपल्यावर सॉफ्टवेअर थांबवणं मात्र चालतं, ते करारात आधीच सांगितलेलं असेल तर. ३०, १५ आणि ७ दिवस आधी सूचना, त्यानंतर फक्त नव्या नोंदी बंद. जुनं पाहणं आणि उतरवून घेणं चालू. एवढं पाळलं की ते कुलूप राहत नाही, ती कराराची अट होते.

पैसे वसूल करायचे तर खरी पकड डिलिव्हरीच्या आधी असते. काम आपल्या स्टेजिंग सर्व्हरवर, म्हणजे आपल्याच ताब्यातल्या चाचणीच्या सर्व्हरवर दाखवा, रक्कम ३०-३०-३०-१० अशी टप्प्यांत घ्या, आणि ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील’ हे वाक्य सहीसकट ठेवा. काम सुरू करण्यापूर्वी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करा. ती फुकट आहे, आणि मागाहून केली तर जुन्या कामाला लागू करून घेताना अडचण येते. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे लेखी कराराच्या मुदतीत, तीही ४५ दिवसांहून जास्त नाही, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीनं. रेट ६ टक्के धरला तर १८. अर्ज याच कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन होतो आणि नागपूर विभागाची परिषद इथेच आहे. निकालाला आव्हान द्यायचं तर क्लायंटला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. बऱ्याच क्लायंटांना जाग या आकड्यानं येते.

कोणाच्या प्रोग्राममध्ये असं कुलूप आधीच पेरून ठेवलं असेल, तर ते काढताना क्लायंटला ईमेलनं कळवून, परवानगी घेऊन नवी आवृत्ती चढवा, आणि सर्व्हरच्या लॉग फाइलींना, म्हणजे कोणी कधी काय केलं याच्या नोंदींना, हात लावू नका.