रणरागिणी म्हणू नका

बेलारूसमध्ये २०२० च्या निवडणुकीत सत्तेला आव्हान देणाऱ्या स्वेतलाना, मारिया आणि व्हेरोनिका या तिघींचा फोटो कुणी टाकला की खाली 'रणरागिणी', 'दुर्गा' सुरू होतं. भावना चांगली असते, मान्य. पण मला त्या शब्दांचा आता कंटाळा आलाय. देवी केलं की बाईचं राजकारण ऐकायची गरज उरत नाही.

२०२० साल आठवा. अलेक्झांडर लुकाशेंको १९९४ पासून राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत. स्वेतलाना तिखानोव्हस्कायाचा नवरा सेर्गेई निवडणुकीला उभा राहू पाहत होता, त्याला मे महिन्यात आत टाकलं. मग तिने स्वतः अर्ज भरला आणि तो मंजूर झाला! का, तर लुकाशेंकोंच्या लेखी ती कुणीच नव्हती. आपली राज्यघटना बाईसाठी नाही, बिचारी कोसळेल, असं ते उघडपणे बोलले होते.

जुलैमध्ये तिच्यासोबत दोघी आल्या. मारिया कालेस्निकोवा बाद केलेल्या दुसऱ्या इच्छुकाची प्रचारप्रमुख, तर व्हेरोनिका त्सेपकालो तिसऱ्याची बायको. आपल्याकडचेच काय, कुठलेही पुढारी आघाडी करायला महिनोन्महिने घोळ घालतात. या तिघींनी एका बैठकीत मिटवलं. मागण्याही मोजक्या: राजकीय कैदी सोडा आणि नव्याने, खऱ्याखुऱ्या निवडणुका घ्या. मला सत्तेत राहायचंच नाही, घरी जाऊन पुन्हा कटलेट तळायची आहेत, असं स्वेतलाना म्हणायची. यावर लोक हसले. मला तर ते त्या निवडणुकीतलं सगळ्यात धारदार वाक्य वाटतं. सव्वीस वर्षं खुर्ची न सोडणाऱ्यासमोर 'मला खुर्ची नको' म्हणायचं!

९ ऑगस्टला मतदान झालं, सरकारी निकालात लुकाशेंकोंना ८० टक्के. लोक रस्त्यावर उतरले, त्यांना बेदम मारलं. १२ तारखेला राजधानी मिन्स्कमध्ये बायका पांढरे कपडे घालून, हातात फुलं घेऊन साखळी करून उभ्या राहिल्या. सत्तरी ओलांडलेल्या नीना बागिन्स्काया तर विरोधकांचा पांढरा-लाल-पांढरा झेंडा घेऊन निघायच्या आणि पोलिसांनी अडवलं की सांगायच्या, "मी फिरायला निघालेय."

स्वेतलानाला मात्र लिथुआनियाला जावं लागलं. 'पळाली' म्हणणारे तेव्हाही होते. नवरा तुरुंगात असताना, पोरांना मोठं करता करता परदेशातून लढा चालवणं ज्यांना सोपं वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

मारियाची गोष्ट वेगळी. सप्टेंबरमध्ये तिला मिन्स्कमधून उचललं आणि देशाबाहेर काढायला युक्रेनच्या सीमेवर नेलं. तिने स्वतःचा पासपोर्ट फाडला, गाडीच्या खिडकीतून बाहेर पडली आणि उलट पावली मायदेशाकडे चालू लागली. ती बासरीवादक. ११ वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात अल्सर फुटून शस्त्रक्रिया झाली, पुढे दीड वर्षाहून जास्त काळ घरच्यांना तिची खबरबात नव्हती.

डिसेंबर २०२५ मध्ये सुटली. अमेरिकेने बेलारूसच्या पोटॅशवरचे (खतासाठी लागणाऱ्या क्षारावरचे) निर्बंध उठवले, त्या सौद्यात १२३ जण सुटले, त्यात ती. आणि सोडलं कुठे? युक्रेनमध्ये. पाच वर्षांपूर्वी तिने जिथे जायला नकार दिला होता, तिथेच.