गाडी क्रॉसिंगला आहे

आमच्या गावच्या स्टेशनात पंखे आहेत, बाकडी आहेत, पाण्याचा नळ आहे आणि होणाऱ्या असुविधेबद्दल खेद व्यक्त करणारा एक अत्यंत सुसंस्कृत आवाजही आहे. नसते ती फक्त पॅसेंजर. ती क्रॉसिंगला असते.

कोकण रेल्वेचा रोहा ते मंगळुरूजवळचे ठोकूर हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुला झाला, तरी रूळ बहुतांशी एकेरीच राहिले. (रोहा ते वीर हा टप्पा २०२१ साली दुहेरी झाला, पण आम्ही पडलो दक्षिणेकडचे.) त्यामुळे समोरून गाडी आली की एकीने स्टेशनात बाजूच्या रुळावर उभे राहायचे, आणि कोणी उभे राहायचे हे ठरवताना पॅसेंजरचे मत विचारण्याची प्रथा नाही. एक्स्प्रेस जाते, तिच्या मागून दुसरी जाते, मग भरलेले ट्रक पाठीवर घेऊन रो-रो ऐटीत निघून जाते. ट्रक रेल्वेने पुढे गेले आणि माणसे मागे राहिली, हे पाहून रिक्षावाले सूचक हसतात.

वाट पाहणे आमच्या रक्तातच आहे. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै लोकसभेत या रेल्वेसाठी भांडत होते, तेव्हा आमचे आजोबा बोटीतून ओकत मुंबई गाठत होते. पुढे राजापूरचेच खासदार मधू दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या आल्या. आपल्या मतदारांना पुढे किती बसून राहावे लागणार आहे याचा त्यांना पुरता अंदाज असावा, असे माझे प्रामाणिक मत आहे. कोकण रेल्वे उभारणाऱ्या ई. श्रीधरन यांच्या माणसांनी ९१ बोगदे खोदून काढले. सह्याद्रीने वाट दिली, समोरची एक्स्प्रेस मात्र अजून देत नाही.

परवा शेजारी एक मावशी बसल्या होत्या. दिव्याला लेकीकडे निघाल्या होत्या. लोकल पाच मिनिटे चुकली तर चिडणारी लेक, असे त्यांनी कौतुकाने सांगितले. लेकीसाठी केलेल्या घावन्यांचा डबा दुसऱ्या एक्स्प्रेसला उघडला आणि रो-रो जाईपर्यंत तळ दिसू लागला.

"मावशी, गाडी खंय ऱ्हवली?"

"क्रॉसिंगाक," त्या मान वर न करता म्हणाल्या.

घरी जाऊन जेवून यावे म्हणून मी उठलो, तशी त्यांनी माझी बाही धरली.

"जाव नको रे झिला. तू गेलंस काय ती येतलीच."