जिद्द होतीच, पण...

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला क्ले थॉम्पसन दोन मोठ्या दुखापतींनंतर ‘निव्वळ जिद्दीच्या जोरावर परतला’ हे त्याच्यावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. जिद्द तर २०१९ च्या फायनलमध्येच दिसली होती. डाव्या गुडघ्याचा लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) तुटलेला, तरी गडी आतून मैदानावर परत आला आणि फाऊलबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो टाकून मगच गेला. पुढची अडीच वर्षं जिद्दीपेक्षा कंटाळा सोसण्याची होती. त्यात नोव्हेंबर २०२० मध्ये उजव्या पायाचा अकिलिसही (टाचेमागचा स्नायुबंध) तुटला, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! माझाही एसीएल, म्हणजे गुडघ्यातला तोच लिगामेंट, तुटलाय, व्हॉलीबॉल खेळताना. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळायची, सोडायची, परत आवळायची. यात शौर्य कसलं डोंबलाचं? आणि पाय बरा झाल्यावरही उडी मारून त्याच पायावर उतरायचं म्हटलं की मन आधीच कच खायचं.

म्हणून जानेवारी २०२२ ला क्लीव्हलँडविरुद्ध पुनरागमनाच्या सामन्यात क्लेने गर्दीतून घुसून मारलेला तो डंक (उंच उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबणं) मला त्या रात्रीच्या त्याच्या १७ गुणांपेक्षा मोठा वाटतो. लेखात त्याचा उल्लेखही नाही, कमाल आहे. त्या रात्री त्याला जेमतेम २० मिनिटं खेळवलं होतं, तेही लिहायला हवं होतं. नेम पूर्ण बसला तो पुढच्या हंगामात, ३०१ थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट), लीगमध्ये सर्वाधिक. बचावात मात्र तो पूर्वीचा क्ले नंतर फारसा दिसला नाही, चाहते काहीही म्हणोत.