टोकाला सुपरग्लू फासू नका!

मासेमारीच्या रॉडची टिप (टोकावर बसणारी, रिंग असलेली नळी) तुटली की लगेच सुपरग्लू फासायचा, ही खोड कधी जाणार? पुढच्या वेळी ती टिप सहजासहजी निघत नाही आणि ओढाताणीत रॉडचं ग्रॅफाइट उभं चिरतं. अहो, हॉट ग्लूची कांडी मिळते ना! रॉडची तुटकी कड बारीक पॉलिश पेपरने सपाट करा, व्यास कॅलिपरने मोजा. टिपच्या नळीचं माप इंचाच्या ६४व्या भागात असतं. ६ नंबर म्हणजे जेमतेम २.४ मिमी. अंदाजपंचे आणलेली टिप डगडगणारच! ग्लू वितळवून टोकाला लावा, नळी बसवा, गरम असतानाच गाइडच्या (रॉडवरच्या बाकी रिंगांच्या) रेषेत फिरवा. आच नळीला द्या, रॉडला नाही. ग्रॅफाइट धरून ठेवणारं रेझिन मऊ पडतं. आणि जुनीच टिप परत लावताना रिंगमधून कापूस फिरवा. तंतू अडकले, तर रिंगच्या आतलं सिरॅमिक तडकलंय. ती रिंग दोरी कापणार.