टोकियोतला जुना फ्लॅट आणि रिडेव्हलपमेंटची आशा

पुण्या-मुंबईच्या मित्रांच्या गप्पांत सध्या एक विषय हमखास निघतो, येन पडलाय, जपानमध्ये व्हिसा नसला तरी परदेशी माणसाच्या नावावर फ्लॅट होतो, मग टोकियोत एखादा जुना घेऊन भाड्याने का टाकू नये. घेता येतो, खरंय. पण "जुनी बिल्डिंग आहे तेच बरं, रिडेव्हलपमेंटला गेली की सोनं" असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही.

मुंबईत ते गणित जमतं कारण बिल्डरला वाढीव एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्याची मर्यादा, मिळतो, त्यातले जादा फ्लॅट विकून तो जुन्या मेंबरांना मोठं घर देतो, वर कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे आणि बांधकाम होईपर्यंतचं भाडं. इथे टोकियोत पुष्कळ जुन्या इमारतींचा एफएसआय आधीच संपलेला, काहींनी तर आजच्या नियमापेक्षा जास्त बांधलंय, म्हणजे पाडून नवीन करायचं तर घरं लहान होणार आणि पैसे मालकांनीच काढायचे. त्यात पाडून नवीन बांधायच्या ठरावाला एरवी चार-पंचमांश मतं लागतात, एप्रिल 2026 पासून भूकंपाला कमकुवत अशा काही इमारतींना तीन-चतुर्थांश पुरतात. आपल्याकडे 51 टक्क्यांवर काम सुरू होतं. शिवाय इथले कित्येक मालक सत्तरीच्या पुढचे, पेन्शनवर जगणारे, ते कशाला एवढा खर्च अंगावर घेतील?

म्हणून किचन नवं केलंय का यापेक्षा सोसायटीचे कागद बघा. सगळ्यात आधी बांधकाम परवानगीची तारीख. 1 जून 1981 ची किंवा नंतरची असेल तर भूकंपाचे नवे नियम लागू, आणि परवानगी त्याआधीची असेल तर 1982 ला पूर्ण झालेली बिल्डिंगही जुन्या नियमांची असू शकते. 1995 च्या कोबेच्या भूकंपात हा फरक दिसला. मग दुरुस्ती निधी. ओळखीच्या एकांसाठी मी एका जुन्या इमारतीचा अहवाल वाचला, फ्लॅट स्वस्त, रंग ताजा, पण निधीत खडखडाट, बऱ्याच जणांची थकबाकी आणि सांडपाण्याचे पाइप खालच्या घराच्या सीलिंगमधून गेलेले, म्हणजे गळती झाली की खालच्याचं घर उघडायचं. विकणाऱ्याची थकबाकी नव्या मालकाकडूनही वसूल करता येते, हे तर आपल्या लोकांना माहीतच नसतं.

तरीही एका बाबतीत मी जपान्यांच्या बाजूने आहे. दर महिन्याला मेंटेनन्सशिवाय वेगळा दुरुस्ती निधी भरायचा आणि बारा-पंधरा वर्षांनी परांची बांधून अख्खी इमारत दुरुस्त करायची, हे चांगल्या सोसायट्यांत ठरलेलं असतं. आपल्याकडे सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीची गंगाजळी, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, तोही वाढवायचा म्हटलं की वार्षिक सभेत भांडणं, आणि स्लॅबच्या सळया दिसायला लागल्या तरी "आता बिल्डर येतोयच" म्हणून प्लास्टरला पैसे नाहीत. त्या घरांत माणसं राहतात हो, पावसाळ्यात जीव मुठीत धरून!

घ्यायचाच असेल तर बहुतेक वेळा रोखीने घ्यावा लागेल, कारण इथे न राहणाऱ्याला बँक सहसा कर्ज देत नाही. भाडं ठरवताना दुरुस्ती निधीचा हप्ता वाढणार हे धरूनच हिशोब मांडा. एजंटने दीर्घकालीन दुरुस्तीचा आराखडा दाखवला नाही तर टोकन देऊ नका.